वऱ्हाडांतील नगरवार्ता

राज्यें कोणीं जिंकलीं, तह कोणीं केले आणि कर कोणीं बसविले, एवढ्याचीच नोंद म्हणजे इतिहास, अशी समजूत आमच्यांत अजून पुष्कळ ठिकाणीं आढळते. गांवांत आज भाव काय फुटला, शाळेंत किती मुलांची सोय झाली, रात्रीं कीर्तन कोणाचें, थिएटरांत नाटक कोणतें, कचेरींत जागा कोणती रिकामी आहे, ह्या गोष्टी ओसरीवर बसणाऱ्या रिकामटेकड्यांच्या, असें मानून विद्वान् माणूस त्यांजकडे पाठ फिरवितो. परंतु हजारों कुटुंबांचा चरितार्थ व त्यांच्या मुलांचें पुढील आयुष्य हें तहांपेक्षां ह्या क्षुल्लक म्हणून टाकलेल्या वार्तेवरच अधिक अवलंबून असतें. प्रस्तुत लेखांत आम्ही वऱ्हाडच्या दोन शहरांपुरता, म्हणजे अमरावती व अकोला ह्यांपुरता, ह्या नगरवार्तेचा इतिहास पाहणार आहों. तो पाहतांना वार्ता काय होती ह्यापेक्षां ती कोणाच्या कानावर जात होती, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण ज्या संधीची खबरच ज्याला लागत नाहीं, त्याच्यापुरती ती संधि नसल्यासारखीच होय.

जुन्या गांवगाड्यांत वार्ता पोंचविण्याचें काम वतनदार महाराकडे असे. सरकारी टपाल पुढच्या गांवीं नेणें, पाटलाचा निरोप घरोघर सांगणें, कोणी मेल्यास दूरच्या गांवीं चालत जाऊन त्याच्या सोयऱ्यांना कळविणें, हीं सर्व कामें त्याचींच. गांवांत दवंडी पिटली जाई ती बहुतेक हुकमाची: सारा भरा, वेठीला या, साहेबांची स्वारी येणार आहे, रस्ते झाडा. लोकांनीं काय करावें हें दवंडींत असे. लोकांस काय मिळूं शकेल हें तींत क्वचितच ऐकूं येई.

पेढीवरची वार्ता निराळी होती. आगगाडीपूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकांठच्या मिर्झापुरापर्यंत नेत. सुमारें पांचशें मैलांची ती वाट. तिकडून हुंडी येई आणि हुंडीबरोबर पत्र येई. त्या पत्रांत तिकडचा भाव, वाटेची सुरक्षितता, कोणाची पत कशी आहे, हें सारें असे. ही वार्ता म्हणजे साहुकाराची मिळकतच, आणि आपली मिळकत कोणी चव्हाट्यावर मांडीत नाहीं. पेंढाऱ्यांच्या भयानें १८०७ त अमरावतीभोंवतीं निजामशाहीच्या अमलांत जो दगडी परकोट बांधावयास घेतला, त्याच्या आंत माल जसा राखला जाई तशी बातमीहि राखली जाई.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवालीं केलें, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हें जुनें तंत्र पार बदललें. १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील दक्षिण संस्थानांचीं बंदरें कोंडलीं गेलीं. लँकेशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या. आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या इंग्लंडची दृष्टि वळली. १८६७ त ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास जाऊन भिडली. अकोला थेट ह्या रस्त्यावर पडलें, अमरावतीस बडनेऱ्याहून सहा मैलांचा फांटा मिळाला, आणि खामगांवचा फांटा १८७० त खुद्द लॉर्ड मेयो ह्यांनीं येऊन उघडला. त्याच वर्षीं मुंबईहून विलायतेपर्यंत समुद्रांतून तार झाली. पूर्वीं जो भाव महिन्यांनीं कळावयाचा तो आतां मुंबईस तासांत येऊं लागला, आणि तेथून वऱ्हाडच्या पेढ्यांवर. अमरावतीचें जुनें नांव उमरावती. त्यावरून तिकडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारांत ‘ऊमरा’ हें नांव पडलें. म्हणजे समुद्रापलीकडच्या दलालांच्या तोंडीं आमच्या गांवाचें नांव रोज असे. परंतु त्याच गांवाच्या वेशींत कापसाची गाडी घेऊन येणाऱ्या कुणब्याला लिव्हरपुलाचा भाव ठाऊक नसे.

हा बाजार कसा चाले तें थोडें सांगितलें पाहिजे. शेतकरी रात्रभर गाडी हांकीत पहांटे बाजारांत येऊन उभा राही. अडत्या आणि खरीददार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबीत सौदा ठरवीत. ज्याचा माल त्याला मात्र त्या बोटांचा अर्थ कळत नसे. सौदा झाल्यावर अडत, दलाली, हमाली, मापाई आणि कडता अशा एकेका नांवानें रक्कम कापली जाई. शिवाय धर्मादाय म्हणून कांहीं जाई तें निराळेंच. (ह्यांत धर्म एकाचा आणि दाय दुसऱ्याचा, हें त्या शब्दाचें वैशिष्ट्य आम्हांस नेहमीं गमतीचें वाटत आलें आहे.) वजनें ज्याचीं त्याचीं. भाव पटला नाहीं म्हणून गाडी परत न्यावी, तर वीस मैलांची वाट, बैल थकलेले, आणि घरीं सावकाराचा तगादा.

१८८६ सालीं कारंजा येथील कापसाचा बाजार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकमानें नियमाखालीं आला, आणि १८९७ त अशा बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार म्हणून अर्थशास्त्राच्या ग्रंथांत कारंजाचेंच नांव येतें, ही गोष्ट वऱ्हाडाबाहेर फारशी कोणाला माहीत नसते, आणि वऱ्हाडांतहि थोड्यांनाच माहीत असते. कायद्यामागें शेतकऱ्याविषयींचा कळवळाच होता असें मात्र समजूं नये. विलायतेच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस रास्त भावानें मिळावा, हा मूळ हेतु. तरी हेतु कांहीं असो, दलाल व मापारी ह्यांस परवाना लागूं लागला, वजनें तपासलीं जाऊं लागलीं, ठरलेल्या जागीं व ठरलेल्या वेळींच सौदा होऊं लागला. आणि जी वार्ता रुमालाखालीं होती ती कांहीं अंशीं तरी उघड्यावर आली. १९२८ त शेतकी कमिशननें हिंदुस्थानभर अशा बाजारांची शिफारस करतांना वऱ्हाडचाच दाखला दिला. परंतु बाजाराच्या कारभारांत पिकविणाऱ्याला पुरेसें स्थान नाहीं, ही उणीवहि त्याच्या नजरेंतून सुटली नाहीं. भाव उघड सांगावा असा नियम झाला. पण तो नियम पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारे पुष्कळसे व्यापारीच होते.

आतां वर्तमानपत्राकडे वळूं. ज्या वर्षीं आगगाडी नागपुरास पोंचली त्याच १८६७ सालीं अकोल्यास खंडेराव बाळाजी फडके ह्यांनीं ‘वऱ्हाड समाचार’ सुरू केला, आणि वऱ्हाडांतील मराठी वृत्तपत्रांचा जन्म झाला. १९०१ च्या खानेसुमारींत सुद्धां अकोल्याची वस्ती अवघी एकोणतीस हजार आणि अमरावतीची चौतीस हजार होती. त्याच्या चौतीस वर्षें आधीं अशा ठिकाणीं छापखाना घालून पत्र काढणें हें केवढें धाडस, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. मोफसलच्या तत्कालीन साप्ताहिकांचा सांचा बहुधा एकच असे. वर सरकारी अंमलदारांच्या बदल्या. खालीं पाऊसपाणी व पिकें. मग कापूस, ज्वारी, तूर ह्यांचे भाव. मुंबई-पुण्याच्या पत्रांतले उतारे. गांवोगांवच्या बातमीदारांचीं पत्रें. शाळेच्या बक्षीस-समारंभाचें वर्णन, त्यांत अध्यक्षस्थानीं बसलेल्या साहेबांची स्तुति. आणि शेवटीं दिवाणी कोर्टांच्या नोटिसा, ज्यांच्या पैशावर हा सर्व संसार चाले. वर्गणी थकलेल्या वाचकांस कळकळीची विनंति, ही तर त्या पत्रांतली कायमची जागा. अकोल्याचा ‘वैदर्भ’, अमरावतीचा ‘प्रमोदसिंधु’ हीं पत्रें ह्याच परंपरेंतलीं.

अशा पत्रांचा उपयोग काय, असें कोणीं विचारल्यास आम्ही एका विद्यार्थ्याचें उदाहरण देऊं. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं १८५६ त जन्मलेला, घरचा अत्यंत गरीब असा एक मुलगा शिक्षणासाठीं ठिकठिकाणीं हिंडून, कारकुनी करून, पायपीट करून अखेर नातलगांच्या आश्रयानें अकोल्यास येऊन राहिला. अकोल्याच्या शाळेंत त्या वेळीं विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांच्यासारखे रसिक व उदार शिक्षक होते. शेक्सपीअरच्या ‘सिंबेलाइन’ नाटकाचें ‘तारा’ हें मराठी रूप ज्यांनीं पुढें केलें आणि १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे जे अध्यक्ष झाले, तेच हे महाजनी. मुलगा हुशार आहे, पण खिसा रिकामा आहे, हें त्यांनीं ओळखलें. मुलानें ‘वऱ्हाड समाचारां’त लिहावयास आरंभ केला, आणि त्या लेखणीनें त्याच्या पोटालाहि थोडा हातभार लावला. १८७५ त तो अकोल्याहून मॅट्रिक झाला आणि महाजनींच्या साह्यानें पुण्याच्या डेक्कन कॉलेजाकडे निघाला. ह्यानंतर सहा वर्षांनीं, १८८१ च्या जानेवारींत, ‘केसरी’ निघाला तेव्हां त्याचे पहिले संपादक म्हणून जे गोपाळ गणेश आगरकर महाराष्ट्रास माहीत झाले, ते हेच.

आगरकरांचें चरित्र लिहितांना पुण्याकडचे लेखक अकोल्याचीं वर्षें दोन वाक्यांत आटोपतात. आम्हांस तसें करवत नाहीं. पुढें ज्या लेखणीनें महाराष्ट्रास हलवून सोडलें ती पहिल्यानें एका लहान गांवच्या साप्ताहिकावर झिजली, हा केवळ योगायोग नव्हे. मुंबई-पुण्याच्या पत्रांत सतरा-अठरा वर्षांच्या निर्धन विद्यार्थ्याला कोणी विचारलें असतें काय? लहान पत्राला लेखकांची वाण असते, म्हणून तें नवख्यास जागा देतें. लहान गांवांत शिक्षकाला मुलाच्या घरची स्थिति ठाऊक असते, म्हणून तो वेळेवर हात देतो. मात्र दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. त्या मुलाजवळ द्रव्य नव्हतें, परंतु अक्षर होतें, नातलगाचें घर होतें, शाळेचें दार त्याला उघडें होतें. दार उघडें असलेल्या गरिबाची ही गोष्ट आहे. दाराबाहेरच्या गरिबाची गोष्ट पुढें येणारच आहे.

१८९७ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें तेरावें अधिवेशन अमरावतीस भरलें. तोंपर्यंत ही सभा मुंबई, कलकत्ता, मद्रास, अलाहाबाद, लाहोर, पुणें, नागपूर अशा मोठ्या शहरींच भरलेली. त्या मालिकेंत चौतीस हजार वस्तीची अमरावती म्हणजे राजसूय यज्ञांत सुदाम्याचें पान. सालहि मोठें कठीण. मागील वर्षाच्या दुष्काळाची झळ ओसरली नव्हती, मुंबई-पुण्यांत प्लेगानें कहर केला होता, रँडचा खून झाला होता, आणि सप्टेंबरांत टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा ठोठावली गेली होती. अशा वेळीं सभा आपल्या गांवीं बोलाविण्याची छाती अमरावतीच्या वकीलमंडळीनें दाखविली. स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजे वऱ्हाडचे दादासाहेब. त्यांच्या बरोबरीनें रंगनाथ नरसिंह मुधोळकर, जे पुढें १९१२ त बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. अधिवेशनाचे अध्यक्ष मद्रासचे शंकरन् नायर. सुरेंद्रनाथ बानर्जींनीं टिळकांचा उल्लेख केला तेव्हां सारा मंडप उठून जयजयकार करूं लागला, ही हकीकत राष्ट्रीय सभेच्या इतिहासांत येते.

आम्हांस येथें सभेच्या ठरावांपेक्षां गांवाचें कौतुक अधिक आहे. बाहेरगांवच्या पाहुण्यांचें बिऱ्हाड, स्वयंपाक, गाड्या-टांगे, पाण्याची सोय, मंडप, स्वयंसेवक, हें सर्व गांवाला स्वतःच करावें लागलें. बडनेऱ्यास गाडी बदलून आलेला पाहुणा पहिल्यानें पाही तो सभेचा अध्यक्ष नव्हे, स्टेशनावर उभा असलेला गांवचा पोरगा. एरवीं पुण्यामुंबईची बातमी वऱ्हाडांत यावयाची. त्या आठवड्यांत वऱ्हाडची बातमी पुण्यामुंबईस गेली. लहान शहराच्या मनावर अशा प्रसंगाचा संस्कार दीर्घ काळ राहतो. तथापि मंडपांतील सर्व व्यवहार बहुतांशीं इंग्रजींत झाला, हेंहि लक्षांत असूं द्यावें. ज्याच्या कापसाच्या पैशावर हें शहर उभें होतें तो मंडपाबाहेर गाड्यांच्या रांगेंत होता.

साहित्य आणि रंगभूमि ह्यांविषयीं थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. १९१२ चें साहित्य संमेलन अकोल्यास हरि नारायण आपटे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. ज्यांच्या कादंबऱ्यांचीं पारायणें वऱ्हाडच्या माजघरांतून होत, त्यांचें दर्शन लोकांस घरबसल्या घडलें. कापसाचा हंगाम आला कीं लोकांच्या हातांत पैसा खुळखुळे, आणि त्या सुमारास नाटकमंडळ्या वऱ्हाडच्या दौऱ्यावर निघत. हस्तपत्रकें वांटीत, वाजंत्री वाजवीत टांगा गल्लीगल्लींतून फिरे. दवंडीचेंच हें रंगीत रूप. अमरावतीनें मराठी रंगभूमीस नुसते प्रेक्षकच पुरविले असें नाहीं. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ व ‘रणदुंदुभि’ ह्या नाटकांचे कर्ते वीर वामनराव जोशी हे तेथलेच, आणि ‘स्वतंत्र हिंदुस्थान’ हें पत्र चालविणारेहि तेच.

१९१४ त अमरावतीस अंबादासपंत व अनंत वैद्य ह्या बंधूंनीं हनुमान आखाडा काढला. गांवोगांव आखाडे होतेच. तेव्हां आणखी एक आखाडा ही बातमी कांहीं मोठी नव्हती. परंतु पुढें ह्याच आखाड्याचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें, निरनिराळ्या प्रांतांतून तरुण शिकावयास येऊं लागले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखविलीं. कबड्डीचा दम बर्लिनपर्यंत पोंचला तो अमरावतीच्या मातींतून. लहान गांवांतल्या कोणत्या बातमीला पुढें काय फळ येईल, हें ती छापणाऱ्यालाहि सांगतां येत नाहीं.

आतां दाराबाहेरच्या माणसाकडे येऊं. अंबादेवी हें अमरावतीचें ग्रामदैवत. नवरात्रांत सारा वऱ्हाड तेथें लोटतो. ज्या जातीच्या पायांनीं पिढ्यान् पिढ्या गांवची वार्ता वाहिली, जिनें दुसऱ्याच्या घरच्या मृत्यूची बातमी दहा कोस चालत जाऊन सांगितली, त्या जातीच्या माणसाला ह्या देवळांत पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. १९२७ च्या नोव्हेंबरांत वऱ्हाडांतील अस्पृश्यांची परिषद अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग त्याच वर्षीं मार्चांत घडलेला. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं सत्याग्रह करावयाचा, हा परिषदेपुढचा मुख्य प्रश्न होता. ह्याच प्रसंगीं मुंबईहून तार आली कीं, बाबासाहेबांचे वडील बंधु बाळाराम वारले. दुःख गिळून त्यांनीं परिषदेचें काम पुरें केलें.

मंदिराच्या पंचांचे प्रमुख होते दादासाहेब खापर्डे. तीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं साऱ्या हिंदुस्थानच्या प्रतिनिधींचें अमरावतीच्या वेशींत स्वागत केलें, तेच. दादासाहेबांची विद्वत्ता, विनोद, औदार्य आणि टिळकांवरची निष्ठा ह्यांविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु आदरामुळें ही गोष्ट झांकावी असें आम्हांस वाटत नाहीं. मद्रास व बंगाल येथील पाहुण्यांस जें गांव अर्ध्या वाटेवर सामोरें गेलें, त्या गांवाला स्वतःच्या वेशीबाहेरच्या माणसाला चार पायऱ्या चढूं देण्यास अवधि हवा होता. वाटाघाटीसाठीं सत्याग्रह पुढें ढकलण्यांत आला. परिषदेचा वृत्तांत ‘बहिष्कृत भारत’ ह्या मुंबईच्या पाक्षिकांत प्रसिद्ध झाला. जो समाज वार्ता वाहून नेण्याचें काम करी, त्याला स्वतःची वार्ता सांगण्यासाठीं स्वतःचें पत्र काढावें लागलें, आणि तेंहि तीनचारशें मैलांवर. नगरवार्तेच्या इतिहासांत ह्याहून अर्थपूर्ण घटना आम्हांस आढळली नाहीं.

ह्या प्रश्नीं अस्पृश्यांच्या बाजूनें उभे राहिलेल्यांत डॉ. पंजाबराव देशमुख होते. पापळ गांवच्या शेतकऱ्याचा हा मुलगा ऑक्सफर्डहून वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून १९२६ त परतला, आणि अमरावतीस त्यानें पहिल्या कामांत घेतलें तें एक वसतिगृह: श्रद्धानंद छात्रालय. खेड्यांतल्या मुलाला शहरांतली शाळा बंद नसते. परंतु राहावें कोठें आणि खावें काय, हें कोडें सुटत नाहीं. आगरकरांना अकोल्यास नातलगाचें घर होतें. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला अमरावतींत कोणाचें घर होतें? छात्रालयांत जातिभेद मानला जात नसे. पंजाबरावांनीं जिल्हा कौन्सिलाच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याचा व शिक्षण वाढविण्याचा उद्योग केला, ‘महाराष्ट्र केसरी’ हें पत्र चालविलें, आणि १९३२ त श्रीशिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. त्याआधीं १९२३ त अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें होतें. वऱ्हाडच्या मुलांना त्यामुळें नागपूर-पुण्याची वाट धरण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु खेड्यांतून कॉलेजापर्यंतचा जिना ज्यानें बांधला तो छात्रालयाचा माणूस, असें आमचें मत आहे. वार्ता नुसती छापून भागत नाहीं. ती ऐकून आलेल्या मुलाला रात्रीं निजावयास जागा लागते.

ह्या सुमारास वर्तमानपत्रांचेंहि रूप पालटलें. अमरावतीचा ‘उदय’, ब्रिजलाल बियाणी ह्यांची अकोल्याची ‘मातृभूमि’, यवतमाळास बापूजी अणे ह्यांचें ‘लोकमत’, ह्यांतून बदल्या व बक्षीस-समारंभ मागें पडून चळवळ पुढें आली. १९३० त मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हां समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या वऱ्हाडनें काय करावें? पूर्णेच्या कांठचा खारपाण पट्टा, ज्या पाण्यानें कुणब्याच्या विहिरी खाऱ्या होऊन त्याच्या पिढ्या रडल्या, तेंच पाणी कामास आलें. अकोला जिल्ह्यांतील दहीहांडा येथें विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून लोकांनीं कायदा मोडला. दांडीची बातमी सर्वांनींच वाचली होती. आपल्या गांवच्या खाऱ्या विहिरीचा तिच्याशीं संबंध आहे, हें ज्याला प्रथम सुचलें तो खरा बातमीदार म्हणावयाचा.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं. वऱ्हाड १९५६ त मुंबई राज्यांत आणि १९६० त महाराष्ट्रांत आलें. अकोल्यास १९६९ त कृषि विद्यापीठ झालें, त्यास पंजाबरावांचें नांव आहे. अमरावतीस १९८३ त महानगरपालिका व विद्यापीठ हीं दोन्ही मिळालीं, अकोल्याची महानगरपालिका २००१ ची. अकोल्याहून १९८६ त ‘देशोन्नती’ निघालें. पुढें मोठ्या दैनिकांनीं जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्वतंत्र आवृत्त्या काढल्या, आणि साप्ताहिकांत आठ दिवसांनीं मिळणारी गांवची बातमी रोज सकाळीं चहाबरोबर मिळूं लागली. आतां तर ती हातांतल्या फोनवर घडोघडी येते. भरतीच्या जाहिराती, शिष्यवृत्तीच्या मुदती, शिबिरें, व्याख्यानें, सर्व कांहीं.

कापसाचाच दाखला घेऊन हा लेख आटोपतों. २०२५ च्या हंगामांत कापूस महामंडळाला हमीभावानें कापूस घालावयाचा तर आधीं फोनवरच्या ‘कपास किसान’ ह्या ॲपवर नांव नोंदवावें, अशी पद्धत सुरू झाली. मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलास ७,७१० रुपये व लांब धाग्याचा ८,११०. आकडे सर्वांस उघड, रुमाल नाहीं, बोटें नाहीं. सातबाऱ्याचा उतारा, आधार, पीक पेऱ्याची नोंद, हें सर्व त्यांत भरावें लागतें, आणि त्यास मुदत असते. ज्याच्या घरीं शिकलेला मुलगा व चांगला फोन आहे त्याचें काम होतें. ज्याच्या घरीं तें नाहीं तो शेजारच्या मुलाला विचारतो, नाहींतर आपला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या कांट्यावर घालतो, आणि तेथला भाव त्याला पूर्वींप्रमाणेंच दुसऱ्याच्या तोंडून कळतो.